बंद फाटकाची खात्री

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी रेल्वेगाडी वीस सेकंदांत साडेपाचशे मीटर अंतर कापते. रुळावर अडकलेला ट्रॅक्टर लोको पायलटला तेवढ्या अंतरावरून दिसला आणि त्याने त्याच क्षणी ब्रेक लावला, तरी गाडी ट्रॅक्टरच्या अलीकडे थांबेल याची खात्री देता येत नाही. रस्त्यावरचा चालक मात्र तेवढ्या वेळात थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, वळूनही जाऊ शकतो. म्हणून रूळ आणि रस्ता एकाच पातळीवर छेदतात तिथे थांबायचे ते रस्त्याने, असा नियम जगभर झाला. हे थांबणे घडवून आणणारी सामग्री म्हणजे दांडा, लाल दिवे, घंटा, हुटर, सिग्नल, रिले, केबल आणि बॅटरी. ती चालू ठेवणे, आणि ती खरोखर चालते आहे का हे तपासत राहणे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

फाटक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे, पण रस्त्याच्या बाजूने. दांडा खाली आला की दुचाक्या पुढे पुढे सरकतात, रिक्षा रांग मोडून उजव्या बाजूला येऊन उभ्या राहतात, कोणी सायकल तिरकी करून दांड्याखालून काढतो. गाडी जाते, दांडा वर होतो आणि दोन्हीकडची गर्दी एकमेकांत घुसते. गेटमनच्या गुमटीतल्या टेबलावर काय असते, तो फोनवर स्टेशन मास्तरांशी काय बोलतो, शेजारच्या कुलूपबंद लोखंडी पेटीत काय आहे आणि ती पेटी उघडणारा माणूस कोण, हे त्या रांगेतल्या क्वचितच कोणाला ठाऊक असते. मराठीत इंजिनांवर, घाटातल्या बोगद्यांवर, लोकलच्या प्रवासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सिग्नल मेंटेनरच्या कामाबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. वास्तविक ज्या दिवशी काहीच घडत नाही, तो दिवस त्याच्या कामामुळे तसा जातो.

या पुस्तकामागचा विचार आधीच सांगून टाकतो. सिग्नल अभियांत्रिकीचे पहिले सूत्र असे की बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा. वायर तुटली, बॅटरी उतरली, रूळ तडकला तर सिग्नल लाल व्हावा आणि गाडी थांबावी. आपल्याकडे सिग्नल खात्यात याला ‘सेफ साइड फेल्युअर’ म्हणतात. स्टेशनांच्या दरम्यानच्या मोकळ्या लाइनवर हे सूत्र पुरेसे आहे. गाडी उशिरा पोचेल, पण पोचेल. फाटकावर ते पुरेसे नाही. तिथे सुरक्षित बाजूचा बिघाड म्हणजे गाडी नसताना पडलेला दांडा, किंवा गाडी जाऊनही न उघडणारे फाटक. एकदा लोक वाट पाहतात, दुसऱ्यांदा हॉर्न वाजवतात. तिसऱ्यांदा कोणीतरी दांड्याखालून वाकून जातो, त्याला काही होत नाही, आणि हे बाकीच्या सगळ्यांनी पाहिलेले असते. मग ज्या दिवशी गाडी खरोखर येत असते, त्या दिवशीही लोक तसेच जातात. रुळाच्या हिशेबात सुरक्षित असलेला बिघाड रस्त्याच्या हिशेबात माणूस मारू शकतो. फाटकावर पूर्णपणे सुरक्षित असा बिघाडच नाही, आणि म्हणूनच इथली देखभाल सिग्नलिंगच्या इतर कामांपेक्षा अधिक जबाबदारीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेच्या संघराज्य नियमांनी ही गोष्ट स्पष्टपणे ओळखली आहे. गाडी आली आणि दिवे लागले नाहीत, हा बिघाड तर कोणीही मान्य करील. पण गाडी नसताना दिवे लुकलुकत राहिले, तर तोही तिथे बिघाड मानला जातो. कळताक्षणी रेल्वे कंपनीला त्यावर उपाय करावा लागतो आणि दुरुस्ती होईपर्यंत वाहतूक सांभाळण्याची पर्यायी व्यवस्था ठेवावी लागते. आपल्याकडच्या चर्चेत ही दुसरी बाजू बहुधा सुटते. फाटक उघडे राहिल्याची बातमी होते. उगीच बंद राहिल्याची फक्त कुरकुर होते.

सुरुवातीला सगळा भार माणसावर होता. ब्रिटनमध्ये १८३९ च्या कायद्याने सार्वजनिक रस्ता रूळ ओलांडतो तिथे फाटक आणि ते सांभाळणारा माणूस ठेवणे रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक केले. ती फाटके बिजागरीवर फिरणारी होती. एकदा रस्त्यावर आडवी, एकदा रुळांवर आडवी. पुढे सिग्नल आणि सांधे, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणारे हलते रूळ, यांचे लिव्हर एकमेकांत गुंतवून इंटरलॉकिंग आले, तेव्हा फाटकही त्या गुंतवणीत आले. फाटक रस्त्यावर बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येणार नाही, आणि सिग्नल दिलेला असेपर्यंत फाटक उघडताच येणार नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटल्यानंतर आपल्याकडे जी रेल्वे पसरली, ती या ब्रिटिश वळणाची.

दुसरे वळण अटलांटिकच्या पलीकडे सुरू झाले. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाला ट्रॅक सर्किटचे पेटंट मिळाले. पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ इथे त्याने ते रुळांवर बसवून दाखवले होते. कल्पना इतकी साधी आहे की ती पहिल्यांदा समजते तेव्हा आनंद होतो. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जोड देऊन वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. वीज एका रुळाने जाते, रिलेतून फिरून दुसऱ्या रुळाने परत येते, आणि रिले उचललेला राहतो. गाडीचे पहिले चाक त्या तुकड्यात शिरले की लोखंडी आस दोन्ही रुळांना जोडते, विजेला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत ती पोचत नाही आणि रिले आपल्या वजनाने खाली पडतो. तो पडला की दिवे लागतात, घंटा वाजते. बॅटरी उतरली किंवा रूळ तुटला तरी रिले पडतोच. दीडशे वर्षांत यावर अनेक थर चढले, पण पाया हाच आहे.

अमेरिकेत अंतरे प्रचंड आणि फाटके लाखांनी; प्रत्येक ठिकाणी माणूस बसवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे तिथे गाडीनेच आपली वर्दी द्यायची, ही पद्धत रुजली. आधी घंटा आली, मग लंबकासारखा हलणारा लाल दिवा, मग आळीपाळीने लुकलुकणारे दोन दिवे आणि त्यांच्यासोबत अर्ध्या रस्त्यावर उतरणारा दांडा. यात एक अडचण उरली, ती वेगाची. ताशी १०० च्या गाडीला वीस सेकंद आधी वर्दी मिळावी म्हणून सर्किट साडेपाचशे मीटरवर सुरू केले, तर ताशी २० ने सरपटणारी मालगाडी त्याच जागी दिवे लावून शंभर सेकंदांनी फाटकावर पोचते, आणि मध्ये थांबली तर दिवे लागलेलेच राहतात. रस्त्यावरचा माणूस एवढा वेळ थांबत नाही. १९६० च्या आसपास सदर्न पॅसिफिक रेल्वेने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या मदतीने यावर तोड काढली. रुळांमधला विद्युत अवरोध गाडी जवळ येते तसा कोणत्या गतीने बदलतो हे मोजायचे, त्यावरून गाडीचा वेग ओळखायचा आणि पोचण्याची वेळ आधीच काढायची. हे उपकरण वर्दीचा काळ गाडीच्या वेगाप्रमाणे जुळवून घेते. लोकांचा फाटकावरचा विश्वास टिकवण्यासाठी लागलेल्या शोधांत याला मी फार वरचे स्थान देतो.

भारतात दोन्ही प्रवाह आले, पण मिसळले ते आपल्या रीतीने. इथे गेटमन राहिला. झुलत्या फाटकांच्या जागी विंचने उचलायचे दांडे आले, मग विजेवर चालणारे. इंटरलॉक्ड फाटकाला स्वतःचा गेट सिग्नल मिळाला. त्याच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळे ‘जी’ अक्षर असते. तो लाल असला तर लोको पायलट शिटी देऊन दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबतो आणि मग जपून फाटकापर्यंत येतो. जिथे इंटरलॉकिंग नाही तिथे सगळा भार शब्दावर. स्टेशन मास्तर फोन करतात, गेटमन फाटक लावतो आणि ‘प्रायव्हेट नंबर’ देतो. हा दोन आकडी नंबर त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला असतो आणि वापरला की खोडला जातो. नंबर मिळाला म्हणजे फाटक लागले, असे धरायचे. ही पद्धत कागदावर चोख आहे, पण नंबर देणे आणि दांडा खाली असणे यांना जोडणारी एकही तार नाही, हे विसरून चालत नाही.

कोणत्या फाटकाला किती संरक्षण द्यायचे हे ठरवणारा आपला हिशेबही पाहण्यासारखा आहे. दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहने, असा तो गुणाकार. त्याला टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट म्हणतात. त्यात मोटार एक, बैलगाडीही एक आणि ऑटोरिक्षा अर्धी धरण्याची प्रथा पडली. रस्त्यावरच्या वाहनांची गणना करून हा आकडा वेळोवेळी नव्याने काढला जातो, आणि तो एक लाखावर गेला की उड्डाणपुलाचा विचार होतो. गुणाकारात गर्दी येते, पण वळणामागून दिसत नसलेली गाडी, उसाच्या हंगामातले दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि शाळा सुटण्याची वेळ येत नाही. म्हणून आकड्याच्या जोडीला जागेवर जाऊन पाहणाऱ्याचे मत लागते.

आता तपासणीकडे. एक कसोटी थोडी जवळून पाहू, कारण या विषयाचे मर्म तिच्यात आहे. ट्रॅक सर्किट बरोबर आहे हे कसे कळायचे? गाडी नसताना रिले उचललेला दिसतो, यावरून काहीच कळत नाही. मेंटेनर ठरावीक अवरोधाची शंट, म्हणजे गाडीच्या आसासारखी दोन रुळांना जोडणारी तार, दोन्ही रुळांच्या माथ्यावर दाबून धरतो; आपल्याकडच्या ब्रॉडगेजवरच्या डीसी ट्रॅक सर्किटसाठी ती अर्ध्या ओहमची असते. ती ठेवताच रिले पडला पाहिजे. अमेरिकेत ही शंट ०.०६ ओहमची धरतात. आपली कसोटी अधिक कडक आहे, कारण जास्त अवरोधाची म्हणजे दुबळी गाडीही सर्किटने ओळखली पाहिजे असे ती मागते. रूळ गंजलेले असतात, त्यांच्यावर माती किंवा पालापाचोळा चिकटलेला असतो, चाके हलकी असतात. अशा वेळी प्रत्यक्षातली गाडी दुबळ्या शंटसारखीच वागते.

त्यात आपला पाऊस. जून लागला की खडीत चिखल बसतो, स्लीपर भिजतात आणि वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपू लागते. रिलेपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही, तो गाडी नसतानाच पडतो, तक्रारी सुरू होतात. मग मेंटेनर फीडच्या, म्हणजे बॅटरीच्या, टोकाचा अवरोध कमी करून वीज वाढवतो, आणि त्या दिवशी ते बरोबरच असते. दिवाळीच्या सुमारास खडी कोरडी होते. आता झिरप थांबली आहे आणि वीज मात्र पावसाळ्याच्या मापाने चालू आहे. रिले इतका घट्ट उचललेला राहतो की गंजक्या रुळावरून हलकी गाडी आली तर तो पडेलच असे नाही. पाहणाऱ्याला सगळे उत्तम चाललेले दिसते. एकही तक्रार नाही. धोका नेमका तिथे आहे. म्हणून पावसाळ्यानंतरची शंट चाचणी आणि व्होल्टेज पुन्हा जुळवणे ही या कामातली सर्वांत मोलाची वेळ, आणि ती चुकली तर कोणालाही लगेच कळत नाही. चुकीच्या बाजूचा बिघाड असाच असतो. त्याची घंटा वाजत नाही, तो शोधायला कोणीतरी मुद्दाम जावे लागते.

ट्रॅक सर्किटच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी ॲक्सल काउंटर आले आहेत. ते आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजतात, त्यामुळे पावसाची आणि गंजाची कटकट सुटते. पण मोजणी चुकली तर यंत्र रीसेट करताना भाग खरोखर रिकामा आहे हे माणसालाच पाहावे लागते. बाकी देखभाल मेहनतीची आणि पुनरावृत्तीची: बॅटरीतले पाणी, टर्मिनलवरचा गंज, दांड्याचा समतोल, कुलपाची चावी, पेटीत शिरलेले उंदीर आणि मुंग्या. मेंटेनर, ज्युनियर इंजिनिअर आणि सीनियर सेक्शन इंजिनिअर यांच्या पाहणीच्या पाळ्या वेगवेगळ्या ठेवण्याचे कारण एकच. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला सवय होते.

अमेरिकी नियमपुस्तकाने ही पुनरावृत्ती बारकाईने बांधली आहे. वर्दी गाडीच्या किमान वीस सेकंद आधी हवी. दिवे लागल्यावर किमान तीन सेकंदांनी दांडा खाली येऊ लागावा आणि गाडी पोचण्याच्या किमान पाच सेकंद आधी तो आडवा झालेला असावा. दिव्यांनी मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लुकलुकावे. मेंटेनर घड्याळ हातात धरून हे मोजतो. दांडा, घंटा आणि राखीव वीज दर महिन्याला, इन्सुलेटेड जोड दर तीन महिन्यांनी, वर्दीचा काळ वर्षातून एकदा, बहुतेक रिले चार वर्षांतून एकदा आणि केबलचे इन्सुलेशन दहा वर्षांतून एकदा. प्रत्येक चाचणीची लेखी नोंद. या यादीत कोणतीच गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते हजाराव्या वेळीही ती करणे, आणि न करता सही न करणे.

या क्षेत्रातल्या विचारांच्या परंपरा ढोबळपणे अशा दिसतात. एक म्हणते, फाटक बंद झाल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय गाडी पुढे जाऊच नये. ब्रिटनची जुनी फाटके आणि आपली इंटरलॉक्ड फाटके या परंपरेची. दुसरी म्हणते, गाडी येणारच, रस्त्याला वेळेवर आणि खात्रीने सांगा; ही अमेरिकेची. १९६० च्या दशकात ब्रिटनने युरोपीय अनुभव पाहून स्वयंचलित अर्धे दांडे आणले, ते या दुसऱ्या विचाराकडे झुकणारे. जपानने दुसरीत एक मोलाची भर घातली. फाटकाच्या आत काही अडकले आहे का हे संवेदकांनी पाहायचे, रस्त्यावरच्या कोणालाही दाबता येईल असे आपत्कालीन बटण ठेवायचे, आणि दोन्हींचा इशारा गाडीपर्यंत पोचवायचा. शेवटची परंपरा म्हणते, फाटकच नको. पूल बांधा किंवा भुयारी रस्ता काढा. ती निर्विवाद बरोबर आहे, आणि आपल्याकडे तिला अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीचे बळ मिळाले. सगळी फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस या समितीने २०१२ मध्ये केली. पण पुलाला जमीन लागते, पैसा लागतो, राज्याचा आणि रेल्वेचा मेळ लागतो. पूल होईपर्यंत त्या फाटकावरून रोज गाड्या आणि माणसे जातच असतात, आणि तोवरचा काळ देखभालीने भरून काढावा लागतो.

या परंपरा कुठे तोकड्या पडल्या ते अपघातांनी दाखवले. ६ जानेवारी १९६८ ला इंग्लंडमध्ये हिक्सन इथे १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहणारे वाहन स्वयंचलित फाटक ओलांडत होते. वर्दी होती २४ सेकंदांची. त्या वाहनाला ओलांडायला जवळजवळ मिनिट हवे होते. एक्सप्रेस येऊन धडकली आणि अकरा माणसे गेली. यंत्र ठरल्याप्रमाणे चालले होते. फाटकाजवळ सिग्नलमनशी बोलायला फोन होता, पण अशा वाहनांनी आधी फोन करायचा असतो हे वाहन नेणाऱ्यांपर्यंत पोचलेच नव्हते. १९९५ मध्ये इलिनॉयमधल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे शाळेची बस चौकातल्या लाल दिव्यापाशी थांबली आणि तिचा मागचा भाग रुळावर राहिला. रेल्वेची वर्दी आणि चौकातला सिग्नल एकमेकांना जोडलेले होते, पण बसला पुढे सरकायला हिरवा दिवा मिळाला तो फार उशिरा. सात विद्यार्थी गेले. दोन खात्यांनी आपापल्या यंत्रणेत केलेले बदल एकत्र बसून तपासले नाहीत, तर दोन्ही यंत्रणा चालू असूनही त्यांच्यामधली जागा मारक ठरते, हे त्या अपघाताने शिकवले.

तिसरी घटना आपली, आणि या पुस्तकाला तिच्यामुळे वेगळे वळण मिळाले. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बाहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू–हावडा एक्सप्रेसला लागले, आणि २९० हून अधिक माणसांनी जीव गमावला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते ९४ क्रमांकाच्या फाटकाशी जोडलेले. त्या फाटकाचा विजेवर चालणारा दांडा बदलण्याचे काम त्या दिवशी झाले होते. सिग्नलच्या गुमटीतल्या वायरिंगमध्ये आधीच्या वर्षांत केलेला बदल सदोष होता आणि टर्मिनलवरची अक्षरे चुकीची राहिली होती. मे २०२२ मध्ये त्याच खडगपूर विभागात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. त्यातून धडा घेतला असता तर हा अपघात टळला असता, असेही अहवालाने नोंदवले. रस्त्यावरच्या एकाही वाहनाचा या अपघाताशी संबंध नव्हता. फाटकाच्या दुरुस्तीचे काम स्टेशनच्या सांध्यापर्यंत पोचले, कारण केबल, पेट्या आणि रिले एकच असतात.

लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ ला ३५ माणसे गेली, तेव्हाही मूळ होते नव्या वायरिंगच्या वेळी सुटी राहिलेली एक जुनी वायर. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती, आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी वायर मोजून तपासले नव्हते. हे वाचून मला नेहमी वाटते की दोष एका हाताचा मानून चौकशी थांबवणे हा मेलेल्यांवरही अन्याय आहे. काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असावा, तपासणाऱ्याला पुरेसा वेळ असावा, आणि स्टेशन मास्तरांकडून टी/३५१ फॉर्मवर डिस्कनेक्शन, म्हणजे सामग्री तात्पुरती वापरातून काढल्याची लेखी मान्यता, घेतल्याशिवाय पेटीला हात लागू नये. गाड्या खोळंबल्या आहेत म्हणून ‘पटकन करून टाका’ असा दबाव वरून येतो, तेव्हा या तिन्ही गोष्टी आधी सुटतात. ‘पूर्ण चाचणी झाल्याशिवाय रिकनेक्शन देणार नाही’ असे म्हणणाऱ्या ज्युनियर इंजिनिअरच्या पाठीशी त्याचे खाते उभे राहते का, यावर पुष्कळ काही ठरते.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? कारण आपण एका सांध्यावर आहोत. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली सगळी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली. हे मोठे काम झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हान इथे अशाच फाटकावर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीने धडक दिली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. उत्तर प्रदेशात कुशीनगरला एप्रिल २०१८ मध्ये शाळेच्या व्हॅनमधली तेरा मुले गेली. ते प्रकार आता मागे पडले. उरली आहेत ती माणूस असलेली सुमारे १७ हजार फाटके. त्यांतली ११ हजारांहून अधिक इंटरलॉक्ड. उरलेल्यांपैकी एका फाटकावर ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या सेम्मनकुप्पम इथे शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवले आणि तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर फाटकांवर सीसीटीव्ही बसवणे, प्रायव्हेट नंबर देतानाचे संभाषण रोज तपासणे आणि इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २० हजारांवरून १० हजारांवर आणणे, हे निर्णय झाले. म्हणजे येत्या काही वर्षांत हजारो फाटकांवर नवी सामग्री बसणार, जुन्या पेट्यांत नव्या वायरी जाणार. बसवणे हे कंत्राटाने होते आणि त्याचे उद्घाटनही होते. पुढची तीस वर्षे ती तपासायला माणसे किती, त्यांचे प्रशिक्षण किती, त्यांना गाड्यांच्या मध्ये कामाला किती वेळ मिळतो, हे प्रश्न मागे राहतात. मध्य रेल्वेवरच्या दिवा स्टेशनच्या फाटकासारख्या जागी, जिथे फाटक उघडले की लोकल थांबतात आणि बंद ठेवले की रस्ता तुंबतो, तिथे तर मेंटेनरला शांतपणे पेटी उघडायला मिनिटे मिळवणे हीच एक लढाई असते.

नव्या साधनांवर माझा राग नाही. डेटा लॉगर प्रत्येक रिलेच्या उचलण्या-पडण्याची वेळ नोंदवतो आणि बिघाड होण्याआधीची चाहूल देऊ शकतो. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी बसवली जाणारी कवच प्रणाली फाटक जवळ येताच इंजिनाची शिटी आपोआप वाजवते. ठरावीक दिवशी जाऊन पाहण्याऐवजी सामग्रीच्या प्रकृतीवर दुरून लक्ष ठेवून गरजेप्रमाणे जाणे, हा देखभालीचा नवा विचार आहे आणि तो जोर धरतो आहे. मी त्याचे स्वागत करतो, एका अटीवर. दुरून फक्त रिलेची स्थिती कळते. खडीतला चिखल, बुंध्याशी कुजलेली केबल आणि टर्मिनलवरचे चुकलेले अक्षर जागेवर जाऊनच दिसते.

हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे. पहिला, आयटीआय किंवा पदविका करून सिग्नल खात्यात नुकता आलेला मराठी मुलगा किंवा मुलगी. सिकंदराबादच्या इरिसेटमध्ये, म्हणजे सिग्नल आणि दूरसंचाराच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत, त्यांना उत्तम शिक्षण मिळते, पण ते इंग्रजी-हिंदीत. आपल्या भाषेत एकदा ‘असे का?’ समजले की नियम पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे. दुसरा वाचक फाटकावर थांबणारा नागरिक, शाळेच्या व्हॅनचा चालक, साखर कारखान्याचा वाहतूक ठेकेदार, ग्रामपंचायतीचा सदस्य, पत्रकार. त्याच्या हाती चाचणीचे काम नाही, पण प्रश्न विचारण्याचे आहे. आमचे फाटक इंटरलॉक्ड आहे का? शेवटची वाहनगणना कधी झाली? अवजड वाहन न्यायचे असेल तर कोणाला कळवायचे?

नियमांची भाषा इथे मुद्दाम सोपी केली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या वेळी विभागाचे चालू परिपत्रक आणि सिग्नल मॅन्युअल हेच अंतिम धरावे. ते बदलत असतात. शब्दांच्या बाबतीत कामावरची बोली राखली आहे. रिले ‘उचलतो’ आणि ‘पडतो’, फाटक ‘लागते’, सर्किट ‘शंट होते’. यांना नवे पारिभाषिक शब्द घडवून मेंटेनर आणि वाचक यांच्यात आणखी एक फाटक उभे करायचे नव्हते. आकृत्या सगळीकडे एकाच स्थितीत काढल्या आहेत: गाडी नाही, सिग्नल लाल, फाटक रस्त्याला उघडे. प्रत्येक बिघाड त्या स्थितीपासून सुरुवात करून शोधत जावा.

अपघातांच्या प्रकरणांत कोणत्याही कर्मचाऱ्याचे नाव घातलेले नाही. चौकशी अहवालांतून घेतले आहे ते काय तपासायचे राहिले एवढेच. पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत: ट्रॅक सर्किटचे फीड आणि रिलेच्या टोकांचे व्होल्टेज, शंट चाचणीचा निकाल, बॅटरीची स्थिती, दांडा खाली यायला लागलेले सेकंद, आणि तारखेच्या शेजारी पाऊस होता की कोरडे, यासाठी एक रकाना. तो शेवटचा रकाना अधिकृत नोंदवहीत मिळणार नाही. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तो भरला, तर आपल्या फाटकाची चाल मेंटेनरला आकड्यांत दिसू लागते आणि दिवाळीनंतर वीज नेमकी किती कमी करायची याचा अंदाज बांधावा लागत नाही. तक्ते फाडून वापरावेत, त्यांच्या प्रती काढाव्यात. त्यासाठी परवानगीची गरज नाही.